उन्नीला काय ऐकू येतं

ग्रोवेर बेट,
४ मार्च १९७३

प्रिय हेर्दिस,

सहा वर्षांनी मावसबहिणीचं पत्र बघून तू आधी खालची सही वाचशील आणि म्हणशील, या बाईला आता काय हवंय? बरोबरच आहे. हवंय म्हणूनच लिहितेय. मावशीच्या अंत्यविधीला भेटलो ती आपली शेवटची भेट. तेव्हा उन्नी माझ्या पोटातही नव्हती. आता ती पाच वर्षांची आहे आणि बोलत नाही.

अगदीच बोलत नाही असं नाही. ‘मा’ म्हणते, ‘बो’ म्हणते. त्या ‘बो’चा अर्थ बोटही होतो, गायही होतो आणि तिचा बाप पेडरही. सांगितलेलं कधी कळतं, बहुतेक वेळा नाही. जानेवारीत जिल्ह्याचे डॉक्टर वीक आले. तिच्या मागे उभं राहून त्यांनी टाळी वाजवली, मग माझा पिठाचा डबा ठोकला. उन्नीनं दोन्ही वेळा वळून पाहिलं. “कान उत्तम आहेत,” ते म्हणाले, “अडचण इथे आहे.” आणि बोट ठेवलं स्वतःच्या कपाळावर. निदान तिच्या तरी ठेवलं नाही.

खाडीपलीकडे लीहाइम म्हणून मतिमंद मुलांची संस्था आहे. तिथे शरदात एक जागा होतेय. पेडर म्हणतो, डॉक्टर शिकलेला माणूस आहे. मी म्हटलं, शिकलेल्या माणसानं आपल्या घरात पाऊण तास काढला, त्यातला अर्धा तास कॉफीत गेला.

पोस्टातली बोर्घिल्ड सांगत होती, तू तिकडे मुलांचे कान तपासतेस, आणि तुमच्याकडे म्हणे असं यंत्र आलंय की मुलाला एक शब्द न विचारता थेट डोक्यातून काढून घेतं, त्याला ऐकू आलं की नाही ते. हे खरं की बोर्घिल्डची नेहमीची बातमी?

मी अजून कशावरही सही केलेली नाही. लवकर लिही.

मारेन


ट्रॉन्डहाइम,
१५ मार्च

प्रिय मारेन,

सही आधी वाचली हे खरं. बाकीचं खोटं. खुर्ची ओढून बसले आणि पत्र दोनदा वाचलं.

यंत्र आहे. कपाटाएवढं आहे आणि त्याची मिजास त्याहून मोठी आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुलांच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, त्यांना खुर्चीत बसवून ठेवायचं आणि यंत्रातून निघालेला कागद फाडून मुख्य डॉक्टर हाउगान यांच्या हातात द्यायचा, हे माझं काम.

चांदीच्या तीन बारक्या चकत्या असतात. एक टाळूवर, एक कानामागे, एक कपाळावर. मग कानात आवाज सोडतो. आवाज मेंदूपर्यंत गेला की तिथे विजेची एक हालचाल होते, पण इतकी बारीक की बाकीच्या गोंधळात ती सापडतच नाही. तुला आठवतंय, वाऱ्याच्या दिवशी आपण धक्क्यावर उभ्या असायचो आणि ओलाफमामा लांबून होडीतून ओरडायचा? एक अक्षर कळायचं नाही. समज, त्यानं तीच हाक साठ वेळा मारली आणि त्या साठही हाका एकावर एक रचता आल्या. वारा दर वेळी निराळा, हाक तीच. रचता रचता वारा विरून जातो आणि हाक उरते. यंत्र एवढंच करतं. हाक पोचली असेल तर कागदावर टेकडी उमटते, नसेल तर सपाट रेघ.

पण मारेन, डबा वाजल्यावर ती वळली म्हणतेस. टाळीलाही वळली. मग ती बहिरी नाही, आणि तुला उगाच आशेला लावणं मला जमणार नाही. तरी एवढं कळव. ती कशाला वळते आणि कशाला वळत नाही? डॉक्टरांचं सोड, पेडरचंही सोड. तू रोज तिच्याकडे बघतेस. तुला काय दिसतं?

हेर्दिस


ग्रोवेर,
२ एप्रिल

प्रिय हेर्दिस,

मला काय दिसतं हे विचारणारी तू पहिलीच.

टपालाची बोट वळणाआड असते, कुत्र्यालाही पत्ता नसतो, तेव्हा उन्नी धक्क्याकडे पळत सुटलेली असते. इंजिनाची धडधड तिला कळते. गाय हंबरली की कळतं. पेडर जड बूट घालून ओसरीवर चढला की कळतं. आणि चुलीवरची किटली शिट्टी मारून घर डोक्यावर घेते तेव्हा ही बया तिच्या शेजारी बसून लोकरीचा गुंडा सोडवत असते.

मागच्या मे महिन्यात सुरय पक्षी आले. तुला माहीत आहेत ते, चोच मारायला अंगावर येतात आणि किंचाळून जीव घेतात. आम्ही सगळे कानांवर हात ठेवून पळत होतो. उन्नी मधोमध उभी राहून आमच्याकडे बघून हसत होती. मग तिनंही हात कानांवर ठेवले. आम्ही काही खेळ खेळतोय असं तिला वाटलं. पेडर म्हणाला, “बघ, नुसती नक्कल. कळत काही नाही.” खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही तसंच वाटलं.

पण मग हे ऐक. आपल्याकडे वसंतात आयडर बदकं घरटी करायला येतात. यंदा त्यांच्यासाठी आम्ही बावीस घरटी मांडून ठेवली आहेत. गेल्या वर्षी एके सकाळी उन्नी मला ओढत होडीच्या खोपटाखाली घेऊन गेली आणि एका घरट्याकडे बोट दाखवून रडायला लागली. मिंकानं, त्या मुंगसासारख्या चोरानं, एक अंडं पळवलं होतं. पाचाची चार झाली होती. कुठल्या घरट्यात किती अंडी हे तिला पाठ असतं, हेर्दिस. मला लिहून ठेवावं लागतं. मंद मुलाला हे येत असेल तर मग मला लीहाइमला पाठवा.

मारेन


ट्रॉन्डहाइम,
१० एप्रिल

मारेन, मारेन,

तुझं पत्र वाचून मी जागेवरून उठलेच. किटली! सुरय! अगं, या सगळ्या उंच, बारीक आवाजाच्या गोष्टी. आणि इंजिन, गाय, बूट, पिठाचा डबा, पोकळ टाळी हे सगळे खालच्या, जाड आवाजाचे. काही मुलांना जाड आवाज बरे ऐकू येतात आणि वरचे अजिबात येत नाहीत. आपल्या बोलण्यात ‘मा’, ‘बो’ हे खालचे. पण ‘स’, ‘फ’, ‘ट’ वरचे. तिला तुझं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं येत असेल. कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते नाही. तुझी हाक कळते, आणि हाकेनंतरचं सगळं वाहून जातं.

हे मी अंदाजानं म्हणतेय, खात्रीनं नाही. खात्री यंत्रच देईल. तिला घेऊन ये. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुटीला ये, ३१ मे. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी नसते, मुलं बिथरत नाहीत. राहायला माझ्याकडे. मागची खोली रिकामीच असते.

हेर्दिस


ग्रोवेर,
९ जून

हेर्दिस,

जाताना दीड दिवस बोटीत, येताना दीड दिवस, आणि मध्ये वीस मिनिटांची रडारड. हे मिळालं आम्हाला.

तिनं चकत्या ओरबाडल्या, तुझ्या हाताला चावली. चकत्या चिकटवायचा तो लेप केसांत असा घट्ट बसला की घरी येऊन कात्री लावावी लागली. आणि तुझा तो कागद! मांजर शाईत लोळून गेल्यासारखा. “यातून काहीच सांगता येत नाही,” तू म्हणालीस. पेडरनं धक्क्यावरच विचारलं, काय निघालं? मी तेच सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे वीक डॉक्टरच बरोबर.” आणि पेट्या उचलून चालायला लागला.

आता मी विचारते. मागच्या दारानं का नेलंस आम्हाला? पहारेकरी जिन्यातून गेला तेव्हा तू दिवा का मालवलास? मुख्य डॉक्टर कुठे होते? मी बेटावर राहते म्हणून मला डोळे नाहीत असं समजू नकोस.

आणि दुसऱ्याला विचारते तर स्वतःचंही सांगायला हवं. सही झालेली आहे. फेब्रुवारीतच झाली. वीक डॉक्टरांनी कागद पाठवला, पेडरनं सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं, आणि मी केली. तुला पहिल्या पत्रात खोटं लिहिलं, कारण जी बाई आधी सही करते आणि मग धावाधाव करते तिला तू काय समजली असतीस? ते लोक उन्नीला न्यायला २० ऑगस्टला येणार आहेत.

मारेन


ट्रॉन्डहाइम,
१४ जून

प्रिय मारेन,

ओरडलीस ते बरं केलंस. आता ऐक.

हाउगान डॉक्टरांना मी एप्रिलमध्ये विचारलं होतं. ते म्हणाले, “मंद म्हणून शिक्का बसलेली मुलं आपण घेत नाही. ती खुर्चीत बसत नाहीत, सकाळ वाया जाते.” मी म्हटलं, जी मुलं बोलून सांगू शकत नाहीत त्यांच्यासाठीच तर हे यंत्र घेतलं ना? ते म्हणाले, “हेर्दिस, तुमचं काम तारा चिकटवणं.” म्हणून मी सुटीचा दिवस शोधला आणि किल्ली घेतली. तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस. पहारेकऱ्यानं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. गेल्या सोमवारपासून मला यंत्राच्या खोलीत जायची बंदी आहे. मी तळघरात जुने कागद लावतेय.

पण एक गोष्ट तू चुकीची समजलीस आणि पेडरलाही चुकीची सांगितलीस. सपाट रेघ आली असती तर ते उत्तर झालं असतं. आपल्याला आली ती नुसती खळबळ. ती रडत होती, मान हलवत होती, दात आवळत होती, आणि त्या सगळ्याची वीज यंत्रात शिरली. मामाची हाक होती की नव्हती हे वाऱ्यामुळे कळलंच नाही. उन्नी नापास झालेली नाही. नापास झाले मी. जिच्या डोक्याला आयुष्यात कोणी चिकट बोट लावलं नाही अशा पोरीला मी तीन दिवसांच्या प्रवासाच्या मध्यावर धरून बसवलं.

सोबत खोका पाठवतेय. मोडीत काढलेल्या तारा आहेत, चकत्या आहेत, लेपाची बाटली आहे, एक बंद पडलेला हेडफोन आहे. हे आधी तू स्वतः लाव. मग पेडरला लाव, हो, त्यालाही. मग बाहुलीला. उन्नीनं मागितल्याशिवाय तिला लावू नकोस. लेप कोमट पाण्यानं निघतो, कात्री लागत नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

सहीबद्दल मी तुला काहीही म्हणणार नाही. चौकशी केली आहे. ती मागे घेता येते, पण तपासणीचा कागद जोडावा लागतो. तो कागद मिळवायचा. यंत्रापर्यंत कसं पोचायचं ते मला आज माहीत नाही. पण पोचायचं.

हेर्दिस


ग्रोवेर,
२० जुलै

प्रिय हेर्दिस,

खोका आला त्या दिवशी मी टाळूवर चकती चिकटवून बटाटे सोलत बसले. बोर्घिल्ड टपाल घेऊन आली आणि दारातूनच परत गेली. आता सगळ्या बेटाला माहीत आहे की पोरीपाठोपाठ आईचंही डोकं फिरलं.

पेडर पहिले चार दिवस तयार नव्हता. पाचव्या दिवशी जाळं विणता विणता म्हणाला, “लाव एकदाची, म्हणजे सुटेन.” उन्नीनं त्याच्याकडे बघितलं आणि इतकी हसली की आडवी पडली. मग तिनं स्वतःच एक चकती उचलली आणि माझ्यासमोर डोकं वाकवलं.

पण बसेना. लेप चालला, तारा चालल्या, खुर्चीत मात्र दोन मिनिटं टिकेना. मग एका संध्याकाळी शेवटची आयडर अंड्यांवर बसली होती, आणि मी बघितलं, उन्नी हातभर अंतरावर बसली आहे. बदक उडू नये म्हणून आपण लहानपणी बसायचो तशी. हलत नव्हती. मी घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं. मी घरात जाऊन तारा आणल्या आणि तिथेच बसून हळूच लावल्या. तिनं मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. बदक पिल्लांना घेऊन पाण्यात गेल्यावर मी रिकामं घरटं खुर्चीसमोर स्टुलावर ठेवलं आणि त्यात लाकडाची अंडी ठेवली. तिनं माझ्याकडे बघितलं. हे खोटं आहे हे तिला कळलं होतं. तरी बसली. आता रोज बसते.

मी रोजची मिनिटं लिहून ठेवली आणि तो कागद तुमच्या हाउगान डॉक्टरांना पाठवून दिला. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. लिहिलं की, माझी मुलगी एकोणीस दिवस डोक्याला तारा लावून रोज अर्ध्या तासाच्या वर बसते आहे. तुमच्या खुर्चीत इतका वेळ बसणारा एखादा हुशार मुलगा असेल तर त्याचं नाव मला कळवा. आणि हेही लिहिलं की, किल्ली हेर्दिसनं घेतली असेल, पण दार बंद तुम्ही केलं होतं.

काल उत्तर आलं. एकच ओळ. “६ ऑगस्ट, सकाळी नऊ. तुमच्या बहिणीला तळघरातून वर बोलावलं आहे.”

आणि आता हे वाच आणि ओरडू नकोस. आठवड्यापूर्वी मी शेवाळावरून घसरले आणि घोटा मोडला. प्लास्टर मांडीपर्यंत आहे. बोटीत चढणं शक्य नाही. पेडर घेऊन येईल तिला. तो या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही, हे तुला ठाऊक असलेलं बरं. घरटं त्याच्याबरोबर देतेय. तू तिथे काय झालं ते सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस. पेडर मला चार शब्दांत सांगेल.

मारेन


ट्रॉन्डहाइम,
७ ऑगस्ट

प्रिय मारेन,

पेडरनं तार केली असेलच. तरी तू सांगितलंस म्हणून सगळं लिहिते.

पावणेनऊला ते आले. पेडरनं अंत्यविधीचा कोट घातला होता आणि हातात ते घरटं होतं. व्हरांड्यातल्या बायका वळून वळून बघत होत्या, त्याला काही नव्हतं त्याचं. उन्नीनं मला ओळखलं. चावली होती तो हात धरून उलटसुलट करून बघितला, मग सोडला.

हाउगान आत बसले होते. त्यांनी घरट्याकडे बघितलं. “हे काय?”

पेडर म्हणाला, “आयडरचं आहे. तिच्यासमोर ठेवायचं.”

“इथे स्वच्छता पाळावी लागते.”

“पिसं धुतलेली आहेत,” पेडर म्हणाला. “बायकोनं.” आणि परवानगीची वाट न बघता त्यानं ते स्टुलावर ठेवलं.

मी चकत्या लावल्या. हेडफोन कानांवर बसवला. ती घरट्याकडे बघत बसली. मी काचेच्या मागे गेले. पेडरला भिंतीशी खुर्ची दिली होती, तो उभाच राहिला.

आधी जाड आवाज, मध्यम जोराचा. साठ वेळा. दर दोन सेकंदांनी एक. पडद्यावर रेघ वेडीवाकडी नाचत होती, आणि हळूहळू, मारेन, ती शांत व्हायला लागली. तीस झाले, चाळीस झाले. साठाव्याला मधोमध टेकडी उभी होती.

“पुन्हा,” हाउगान म्हणाले. एका टेकडीवर ते कधीच विश्वास ठेवत नाहीत. पुन्हा केलं. त्याच जागी, त्याच आकाराची. आवाज कमी केला, टेकडी बुटकी झाली पण राहिली. मग मधला आवाज. हळू सोडला तर काही नाही. जोरात सोडला तेव्हा एक उंचवटा आला. मग वरचा. काही नाही. वाढवला, काही नाही. मी कान काचेला लावला असता तर मला बाहेर ऐकू आला असता इतका वाढवला. उन्नी घरट्याकडे बघत होती, पापणीही हलली नाही. रेघ सपाट. हाउगान म्हणाले, “पुन्हा,” आणि पुन्हा सपाट. दुसऱ्या कानालाही हेच. पस्तीस मिनिटं लागली. मधे एकदा तिनं हात उचलला, मला वाटलं संपलं आता, पण तिनं फक्त एक अंडं सरळ केलं.

हाउगाननी कागद टेबलावर पसरला आणि पेडरला जवळ बोलावलं.

पेडरनं टेकडीवर बोट ठेवलं. “ही म्हणजे ती?”

“हा आवाज तिच्या मेंदूपर्यंत गेला.”

“आणि ही रेघ?”

“हा गेला नाही.”

“मग ती मंद आहे की नाही?”

मला वाटलं, आता हाउगान मोठे शब्द काढतील. ते म्हणाले, “बुद्धी मोजायचं हे यंत्र नाही. पण ज्या पोरीला निम्मं बोलणं पोचलंच नाही, तिला ते समजत नाही म्हणणाऱ्यांची बुद्धी मोजावी असं मला वाटतंय. त्यात मी पण आलो.”

पेडर बाहेर गेला. बऱ्याच वेळानं मी शोधत गेले तर तो सायकली ठेवतात त्या शेडपाशी उभा होता. मला बघून म्हणाला, “पाच वर्षं मी तिच्यावर ओरडतोय, हेर्दिस. आणि तिला नुसतं ओरडणंच तेवढं ऐकू येत होतं.” तो हे तुला सांगणार नाही, म्हणून मी लिहितेय.

कागदाची प्रत सोबत आहे, हाउगानच्या सहीशिक्क्यासह. दुसरी प्रत त्यांनी स्वतः लीहाइमला पाठवली. ऐकू यायचं लहान यंत्र दोन्ही कानांना मिळेल, सप्टेंबरच्या सुरुवातीला. पहिल्या दिवशी ती ते फेकून देईल, त्याची तयारी ठेव.

हेर्दिस


ग्रोवेर,
२३ सप्टेंबर

प्रिय हेर्दिस,

पहिल्या दिवशी नाही, सहा दिवस फेकलं. एकदा तर थेट माशांच्या रश्श्यात. पेडरनं ते गाळून काढलं, पुसलं, कानात घालून बघितलं आणि म्हणाला, “चालतंय.” सातव्या दिवशी किटली ओरडली आणि उन्नी किंचाळत माझ्या मागे येऊन लपली. मी तिला किटलीपाशी नेलं, वाफ दाखवली, किटली उचलली, आवाज थांबला. ठेवली, सुरू झाला. तिनं सतरा वेळा मला ते करायला लावलं. कॉफी आटून गेली.

बोलण्याचं मात्र सावकाश आहे. एवढ्या दिवसांत नवे तीन शब्द. त्यातला एक ‘नको’. तो तिला फार आवडतो, दिवसभर वापरते. पुढच्या शरदात तुमच्याकडच्या शाळेत घालावं लागेल असं फिरती शिक्षिका म्हणते. घालू. पण मी तिला वसतिगृहात एकटी ठेवणार नाही. तुझी मागची खोली रिकामी असते असं तूच लिहिलं होतंस, कागदावर आहे. कापडाच्या गिरणीत काम मिळतं का बघून ठेव.

आता खरं कारण लिहिण्याचं. हाउगानच्या कागदामुळे २० ऑगस्टला कोणी आलं नाही, आणि प्लास्टर निघाल्यावर सही मागे घ्यायला मी लीहाइमला स्वतः गेले. टपालानं जमलं असतं, पण जिथे मी माझी पोर देणार होते ती जागा मला बघायची होती. वाईट नाही गं. स्वच्छ आहे, जेवण गरम आहे, बायका प्रेमळ आहेत. एकूण अकरा मुलं, त्यातली दहा लांब टेबलाशी बसली होती. एक मोठी मुलगी भांडी पुसत होती, रागना तिचं नाव, सतरा वर्षांची. मी संस्थेच्या बाईंशी बोलत होते आणि रागना माझ्या ओठांकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी तोंडावर हात धरून बोलायला लागले तर ती सरकून बाजूला आली, हाताच्या आडून दिसावं म्हणून. मी मुद्दाम तोंड फिरवलं. ती फिरून समोर आली.

मी विचारलं, “हिचे कान कोणी तपासले का?” बाई म्हणाल्या, “हो तर. टाळी वाजवून.”

तुमच्या हाउगानना सांग, अकराच्या अकरा तपासा. ती बसणार नाहीत असं म्हणाले तर सांग, मी जाऊन बसवते. माझा घोटा आता ठीक आहे.

मारेन


ट्रॉन्डहाइम,
३० ऑक्टोबर

प्रिय मारेन,

तू पंधरा दिवस लीहाइमला राहून त्या मुलांना बसायला शिकवलंस, त्याचं काय झालं ते तुला कळायला हवं. अकरापैकी आठ मुलं बसली. हाउगान म्हणाले होते, दोन बसली तरी टोपी काढेन. ते टोपी घालत नाहीत, पण त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

सहा जणांना व्यवस्थित ऐकू येतं. एका मुलाला एका कानानं नाही. आणि रागना.

तिला यंत्राची भीती वाटली नाही, माझीच काळजी वाटत होती. माझ्या हातून तार पडली तर तिनं उचलून दिली. जाड आवाज अगदी मोठा केला तेव्हा एक लहानशी टेकडी आली. बाकी सगळं सपाट. चार वेळा केलं. हाउगाननी कागद हातात घेतला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. ती लीहाइमला सहाव्या वर्षी आली, मारेन. अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं आपलं आपण ओठ वाचायला शिकून घेतलंय. कोणी शिकवलं नाही, आणि कोणाला कळलंही नाही. हाउगान म्हणतात की बधिरांच्या शाळेत तिला आताही घेतील, मोठ्यांचा वर्ग आहे. बोलणं फारसं येणार नाही, उशीर झाला. पण खुणांची भाषा येईल, लिहिणं येईल. तिला जायचंय का, हे तिला विचारायला आधी भाषा हवी.

तिची आई योर्गिने स्विनेर बेटावर असते. विधवा आहे. वर्षातून दोनदा लोकरीचे मोजे पाठवते, भेटायला येत नाही. लीहाइमच्या बाई म्हणतात, सुरुवातीला यायची, मग म्हणाली की ओळखत नाही मला ती. हाउगाननी तिला पत्र लिहून दिलंय. सहा ओळींचं आहे, सगळं बरोबर आहे आणि त्यातलं काहीही तिला कळणार नाही. पाकीट तीन दिवस माझ्या टेबलावर पडलंय. मी स्वतः लिहायला बसले, चार कागद फाडले. अकरा वर्षांपूर्वी तुझ्यासारखीच तिनं एक सही केली असणार. तिला हे कोणत्या शब्दांत सांगतात, मला सांग.

हेर्दिस


ग्रोवेर,
५ नोव्हेंबर

प्रिय हेर्दिस,

पाकीट टपालात टाकू नकोस. माझ्याकडे पाठव, आणि रागनाच्या कागदाची प्रतही पाठव, टेकडी दिसते तो.

स्विनेरला आठवड्यातून एक बोट जाते, गुरुवारी. पत्र हातात आलं की लगेचच्या गुरुवारी जाते. उन्नी पेडरजवळ राहील. तो म्हणाला, “जा, मी आहे,” आणि हे त्यानं तिच्याकडे तोंड करून, सावकाश, तिलाही सांगितलं.

योर्गिनेला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. आधी सांगेन की मीही सही केली होती. मग कागद दाखवेन. ती रडली तर बसून राहीन, मला हाकलून दिलं तर धक्क्यावर जाऊन बसेन, परतीची बोट तशीही पुढच्या गुरुवारी आहे. सात दिवस आहेत माझ्याकडे. आणि त्या बोटीनं निघताना ती माझ्याबरोबर असेल. लीहाइमपर्यंत मी तिला घेऊन जाईन, आणि रागनासमोर उजेडात उभं करीन, म्हणजे तिला आईचे ओठ नीट दिसतील.

मारेन